जेवणाआधीची लॅटिन प्रार्थना फक्त मठातली नव्हती

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मध्ययुगीन युरोपातल्या जेवणाआधीच्या लॅटिन प्रार्थनांवरचा लेख वाचला. विषय भारी निवडलाय, त्याबद्दल आधी थँक्यू, कारण मराठी पेपरात असलं काही सहसा दिसत नाही. पण लेखाचा सूर काही पटला नाही म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, सांभाळून घ्या. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं की ह्या प्रार्थना म्हणजे मूळची मठातली चीज, प्रपंची लोकांनी ती नुसती उसनी आणली, भाषा तर कळत नव्हतीच, मग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचं आणि जेवणावर तुटून पडायचं. म्हणजे निव्वळ पोपटपंची. आता बऱ्याच घरांत लॅटिन कळत नव्हतं हे खरंच आहे, ते कोण नाकारतंय, पण कळत नाही म्हणजे त्याला काही अर्थच नाही हे कुठून आलं? घरातल्या लोकांनी ह्या लॅटिनचा स्वतःचा असा वापर करून घेतला, मठात जो होता त्याच्यापेक्षा बराच वेगळा, आणि त्याचे पुरावे चांगले शिल्लक आहेत. लेखात त्यातलं जवळजवळ काहीच आलं नाही ह्याचं वाईट वाटलं.

आधी 'मठातून उसनी आणली' ह्याबद्दल. कालक्रमच उलटा आहे हो. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरातला ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन इसवी सन 197 च्या सुमारास ख्रिस्ती लोकांची बाजू मांडताना त्यांच्या एकत्र जेवणाचं वर्णन करतो, त्यात तो स्पष्ट म्हणतो की आधी देवाच्या प्रार्थनेची चव घेतल्याशिवाय आम्ही जेवायला टेकत नाही. ही माणसं शहरातली, बायकापोरांची, कामधंद्याची. लॅटिन जगात मठ वगैरे प्रकार यायला अजून दीडशे वर्षं तरी होती. नंतर 400 च्या आसपास स्पेनचा प्रुदेन्तियुस, हा सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर राहिलेला गृहस्थ, पाद्री नाही की मठवासी नाही, ह्यानं दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांसाठी लॅटिन काव्यं लिहिली त्यात एक जेवणाआधीचं आहे आणि एक जेवणानंतरचं. आणि आपण ज्याला मठांचा कायदा म्हणतो तो संत बेनेडिक्टचा नियम 540 च्या आसपासचा. म्हणजे घरात आणि लोकांच्या पंगतीत हा प्रकार आधीच चालू होता, मठांनी त्याला शिस्त लावली, वेळ लावली, शिक्षा लावली असं म्हणा फार तर.

शिक्षा खरंच होती. बेनेडिक्टच्या नियमातलं 43 वं प्रकरण वाचा, मजा येते. जेवणाआधीचं वचन सगळ्यांनी एकत्र म्हणायचं आणि एकत्रच बसायचं, आता जो स्वतःच्या आळसामुळे त्या वचनाला पोचला नाही त्याला दोनदा समज द्यायची, तरीही सुधारला नाही तर त्याला पंगतीतून उठवून एकटं जेवायला बसवायचं, वर त्याची वाइनही बंद. जेवणानंतरच्या वचनाला गैरहजर राहिला तरी हेच. म्हणजे तिथं प्रार्थना ही हजेरी होती.

तुमच्या लेखात प्रार्थनेचं अर्धंच वाक्य छापलंय. पूर्ण वाक्य असं: 'बेनेदिक, दोमिने, नोस एत हेक तुआ दोना, क्वे दे तुआ लार्जिताते सुमुस सुम्प्तुरी, पेर क्रिस्तुम दोमिनुम नोस्त्रुम.' हे प्रभू, आम्हाला आणि तुझ्या उदार हातून आम्ही आता जे घेणार आहोत त्या तुझ्या दानाला आशीर्वाद दे, आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. जवळजवळ ह्याच शब्दांत ही प्रार्थना एका फार जुन्या पूजाग्रंथात आहे, 750 च्या सुमारास फ्रँक लोकांच्या मुलखात, पॅरिसच्या आसपास, लिहिलेली त्याची हस्तलिखित प्रत आज व्हॅटिकनमध्ये आहे. त्यात जेवणाआधीच्या आणि जेवणानंतरच्या प्रार्थनांचे वेगळे छोटे गटच आहेत. ग्रंथ पाद्र्यांचा हे कबूल, पण वाक्याची घडण बघा ना. 'मी ह्या अन्नाला आशीर्वाद देतो' असं म्हणणारा कुणी नाहीये तिथं, आशीर्वाद देवानं द्यायचाय आणि म्हणणारा फक्त मागतोय, त्यामुळे हे वाक्य घरातला बाप म्हणू शकतो, आई म्हणू शकते, सात वर्षांचं पोरगं म्हणू शकतं. पाद्री जेवायला असेल तर मान त्याचा, नसेल तर काही अडत नाही. माझ्या मते ही प्रार्थना घराघरांत टिकली त्यातलं मोठं कारण हे आहे, आणि ते लॅटिनच्या कळण्या न कळण्याशी संबंधितच नाहीये.

ह्याच्या मागेपुढे जे असायचं ते बहुतेक बायबलमधल्या स्तोत्रांतून उचललेलं. दुपारच्या जेवणाला 145 व्या स्तोत्रातली ओळ, ओकुली ओम्नियुम, सगळ्यांचे डोळे तुझ्याकडे लागलेत आणि तू वेळेवर त्यांना अन्न देतोस, तू हात उघडतोस आणि प्रत्येक जिवाला तृप्त करतोस. रात्रीच्या जेवणाला 22 व्या स्तोत्रातली, एदेन्त पाउपेरेस, गरीब जेवतील आणि तृप्त होतील. जेवण झाल्यावर आजिमुस तिबी ग्रातियास, म्हणजे तुझ्या सगळ्या उपकारांबद्दल आभार, मग ज्यांनी ज्यांनी आपलं भलं केलं त्यांना अनंत जीवन दे असं मागणं आणि शेवटी मेलेल्यांच्या आत्म्यांना शांती. हा पूर्ण पाठ मोठा आहे, मधे सगळ्यांनी मिळून उत्तरं द्यायची असतात, साध्या घरात एवढं सगळं होत नव्हतं हे उघड आहे. पण तुकडे पाडून घेता येतात, आणि लोकांनी ते घेतले. ज्याला काहीच येत नाही तो पातेर नोस्तेर (प्रभूची प्रार्थना) आणि आवे मारिया (मरियेची प्रार्थना) म्हणायचा, ह्या दोन गोष्टी तरी प्रत्येकाला आल्याच पाहिजेत असा चर्चचा आग्रह होता.

आता एक्केहार्ट. लेखाचा अर्धा भाग त्याच्यावरच आहे आणि मला कळतं का ते, कारण मसाला तिथंच आहे. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलच्या मठातला चौथा एक्केहार्ट, अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, ह्यानं पदार्थागणिक एकेक ओळ अशा जवळपास 280 लॅटिन ओळी लिहिल्या, पाव, मीठ, मासे, पक्षी, शिकार, चीज, फळं, वाइन, आणि अस्वल आणि बीव्हर हा पाण्यातला प्राणीसुद्धा. बीव्हरच्या ओळीत तर त्याचं मांस माशाचं समजून धन्य करून टाकलंय, म्हणजे मांस वर्ज्य असलेल्या उपासाची सोय झाली! त्याच्या स्वतःच्या हातची प्रत अजून सेंट गॅलच्या लायब्ररीत आहे. पण लेखकानं ह्याला 'मठाचा मेनू' म्हटलंय तिथं मात्र जरा ब्रेक लावायला हवा होता. त्यातल्या कित्येक गोष्टी आल्प्सच्या पायथ्याशी पिकतच नाहीत, खजूर कुठून आणणार होते रोज, आणि बरीचशी यादी इसिदोरच्या जुन्या ज्ञानकोशाच्या क्रमानं चाललेली दिसते. हे सगळं त्यानं आपल्या सख्ख्या भावासाठी, जो दुसऱ्या एका मठाचा अधिपती होता, त्याच्या मागणीवरून रचलं. मुख्यतः कवितेचा सराव आणि विद्वत्ता, जेवणघरात कुणी अस्वलावर रोज ओळ म्हणत उभं नव्हतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रपंची घरात ह्या 280 ओळी कुणी वापरल्या असतील असं मानायला काही आधार नाही. मग प्रपंची लोकांबद्दल निष्कर्ष काढताना एक्केहार्ट काय कामाचा? (ओळी मात्र वाचायला धमाल आहेत, वाद नाही.)

सामान्य माणसाच्या डोक्यात जेवणाआधीच्या आशीर्वादाचं काय चित्र होतं हे बघायचं असेल तर एक्केहार्टपेक्षा पोप ग्रेगरीची लेट्यूसची गोष्ट जास्त कामाची. 593 च्या आसपास लिहिलेल्या त्याच्या 'संवाद' नावाच्या ग्रंथात ती आहे. मठातली एक बाई बागेत जाते, हिरवंगार लेट्यूस, म्हणजे कच्ची खायची पालेभाजी, दिसतं, मोह आवरत नाही, क्रुसाची खूण करायचं विसरते आणि कचकन चावते, लगेच सैतान अंगात शिरतो. एक्वितियुस नावाचा साधुपुरुष धावत येतो तेव्हा सैतान कुरकुरतो, अहो मी काय केलं, मी आपला लेट्यूसवर बसलो होतो, हीच आली आणि मला चावली. ग्रेगरी हे अगदी गंभीरपणे सांगतो. गोष्टीतली बाई मठातली असली तरी अशा गोष्टी प्रवचनांतून फिरणाऱ्या, आणि ह्यात लॅटिनचा एक शब्दही लागत नाही हे बघा, हाताची खूण पुरते. शब्द पाठ नसलेल्याकडेही क्रूस होताच.

आता मूळ मुद्दा, घरं. पंधराव्या शतकाच्या मध्याचं एक इंग्रजी पद्यातलं शिष्टाचाराचं पुस्तक आहे, मोठ्या सरदाराच्या वाड्यात कोणी काय करायचं ह्याची सगळी तपशीलवार माहिती त्यात आहे. हॉलमध्ये कापड अंथरलं, मालकाच्या हातावर पाणी घातलं, की दानधर्माचं काम बघणारा अधिकारी प्रार्थना म्हणतो आणि दानाचं भांडं टेबलावर ठेवतो. मग कापून वाढणारा पहिला पाव त्या भांड्यात ठेवतो, का, तर आधी देवाची सेवा. जेवताना मालकाच्या ताटातलंही त्यात पडत जाणार आणि जेवण उरकल्यावर ते दारातल्या गरिबांना जाणार. लक्षात घ्या, प्रार्थना म्हणणारा माणूस आणि दान वाटणारा माणूस इथं एकच आहे. वर जी 'गरीब जेवतील आणि तृप्त होतील' ही ओळ सांगितली ती अशा हॉलमध्ये म्हटली की तिचा अर्थ समोर टेबलावरच मांडलेला असतो, भांड्यात. शेवटच्या बाकावरच्या घोडेवाल्याला लॅटिन नसेल येत पण पहिला पाव कुणाचा हे त्याला रोज दिसतंय. ह्याला पोपटपंची म्हणायचं का?

आणि हे फक्त इंग्रजांचं नाही. मिलानचा बोन्वेसिन दा ला रिवा, तेराव्या शतकाच्या शेवटाकडचा, शिक्षक माणूस, ह्यानं जेवणाच्या 50 सभ्य रीती लोकभाषेत पद्यात लिहिल्या. त्यातली पहिली रीत हात धुण्याची नाही की सुरी धरण्याची नाही, पहिली रीत म्हणजे टेबलावर बसलास की आधी गरजू गरिबाचा विचार कर. मग थोडं पुढं सांगतो की तुझ्यासाठी आलेल्या अन्नावर क्रुसाची खूण झाल्याशिवाय हात घालू नकोस, घालणारा हावरट आणि गावंढळ. शहरातल्या व्यापारी, कारागीर, नोटरी लोकांच्या घरांसाठी लिहिलंय हे. प्रार्थना इथं मॅनर्समध्ये येऊन बसलीये, बोटं चाटू नका, तोंडात घास असताना बोलू नका ह्याच्याच शेजारी. काहींना ही घसरण वाटेल, मला तर हा तिच्या घरात मुरण्याचा पुरावा वाटतो.

पॅरिसमध्ये 1393 च्या सुमारास एका उतारवयाच्या सुखवस्तू नवऱ्यानं आपल्या अगदी तरुण बायकोसाठी घर चालवण्याचं भलंमोठं पुस्तक लिहिलं, सकाळच्या प्रार्थनांपासून ते सॉसपर्यंत सगळं. त्यात मोठ्या मेजवानीचा क्रम सांगताना शेवट कसा येतो बघा, हात धुणं, प्रार्थना, मग पाहुणे उठून बैठकीच्या खोलीत, मग नोकरांची पंगत, आणि नंतर वाइन आणि मसाल्याचे गोड पदार्थ. प्रार्थना इथं टायमिंगची खूण आहे. ती झाली म्हणजे जेवण संपलं, आता नोकरांनी बसायला हरकत नाही. शंभर पाहुण्यांच्या घरात हे किती प्रॅक्टिकल आहे ते ज्यानं मोठं कार्य पार पाडलंय त्याला सांगायला नको.

तरी लोक पळायचेच. स्कॉटलंडची राणी मार्गारेट, 1093 मध्ये वारली, तिच्याबद्दल पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी कथा अशी की सरदार लोक पोट भरलं की जेवणानंतरच्या प्रार्थनेची वाट न बघता उठून जायचे, मग तिनं नियम केला, जो थांबेल त्याला तिच्या स्वतःच्या प्याल्यातून उंची वाइन. त्यानंतर हॉल भरलेला राहू लागला म्हणे. कथा आहे, कथेसारखीच घ्या, पण तिच्यात बेनेडिक्टचाच प्रॉब्लेम आहे, फरक एवढाच की मठानं वाइन बंद केली आणि राणीनं चालू केली.

पण माझा सगळ्यात आवडता पुरावा अजून पुढंच आहे, आणि तो लेखात नसावा ह्याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं. इंग्लंडात वॉरिकशायरमध्ये कॉटन कोर्ट नावाचा थ्रॉकमॉर्टन घराण्याचा जुना वाडा आहे, तिथल्या कागदपत्रांत लॅटिनमध्ये लिहिलेला एक लांबट कागद मिळाला. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा. कुणा आध्यात्मिक सल्लागारानं एका लग्न झालेल्या, मुलंबाळं असलेल्या, लॅटिन वाचता येणाऱ्या गृहस्थाला दिवस कसा घालवायचा ह्याच्या सूचना दिल्यात, आणि सुरुवातीलाच बजावलंय की हा कागद कायम थैलीत जवळ बाळग. 1976 मध्ये डब्ल्यू. ए. पँटिन ह्या इतिहासकारानं तो छापला. जेवणाबद्दल त्यात काय आहे? पाव जितक्या सहज टेबलावर येतो तितक्याच सहज पुस्तक यावं. जीभ काही फालतू किंवा दुसऱ्याला लागेल असं बोलू नये म्हणून वाचन चालू असावं, कधी ह्यानं वाचायचं कधी त्यानं, आणि मुलांना वाचता यायला लागलं की मुलांनीही. मग तो म्हणतो, काहीतरी लोकभाषेत समजावून सांग, ज्यानं बायकोचं आणि बाकीच्यांचं भलं होईल. जेवणानंतरची प्रार्थना उभं राहून म्हण.

आणि मग ती ओळ, जिच्यासाठी मी हा कागद कुणालाही वाचायला सांगेन. टेबलावर पावाच्या पाच कणांचा क्रूस करू शकतोस, पण कुणाला दिसू देऊ नकोस, बायको सोडून. लगेच पुढं बायकोबद्दल, ती जितकी शांत आणि सद्गुणी असेल तितकं तिच्यावर ख्रिस्तात मनापासून प्रेम कर, हे 'शांत'वालं आजच्या वाचकाला खटकेल, खटकलंच पाहिजे, पण ते बाजूला ठेवून चित्र बघा. भरलेलं टेबल, नोकरचाकर, मुलं, कुणीतरी वाचतंय, आणि घरचा मालक बोटानं पाच कण सरकवतोय, ख्रिस्ताच्या पाच जखमा, आणि ते फक्त समोर बसलेल्या बायकोला माहितीये. हे मठात होऊच शकत नाही. तिथं बायको नाही, मुलं नाहीत, आणि लपवायचं कुणापासून? वाचनाची पद्धत मठाची, जेवताना गप्प राहणं मठाचं, उभं राहून म्हणायची प्रार्थना दोन्हीकडची, पण ती घरात आली की तिच्याभोवती नवराबायकोचं एक गुपित तयार झालं. लेखक ज्याला उसनवारी म्हणतायत ती ही.

सगळी घरं अशी होती असं मी म्हणत नाहीये. हा शिकलेला, खातापिता माणूस आहे, त्याच्या थैलीतला कागद लॅटिनमध्ये आहे. वरच्या थरात ह्याचं अजून भारदस्त रूप दिसतं, यॉर्कची डचेस सेसिली, दोन राजांची आई, चौथा एडवर्ड आणि तिसरा रिचर्ड, 1495 मध्ये वारली. तिच्या घराच्या दिनक्रमाची नोंद शिल्लक आहे, दुपारच्या जेवणाला धार्मिक ग्रंथाचं वाचन आणि रात्रीच्या जेवणाला, ही मला फार गंमत वाटते, ती स्वतः दुपारी ऐकलेलं बाकीच्यांना परत सांगायची. म्हणजे ज्यांनी दुपारी डुलक्या काढल्या त्यांची पंचाईत.

खालच्या थरात, जिथं थैलीत कागद नव्हते, तिथं काय होतं? तिथं चर्चमधून घरी येणारं अन्न होतं. ईस्टरला कोकरू, अंडी, चीज पाद्री आशीर्वाद देऊन परत करायचा आणि मग ते घरी खाल्लं जायचं. ही चाल इतकी पक्की होती की नवव्या शतकातला मठाधिपती वालाफ्रिड स्ट्राबो ईस्टरच्या कोकराच्या आशीर्वादावर चिडून लिहितो, हे काय चालवलंय म्हणून. इंग्लंडात दर रविवारी मंत्रलेला पाव वाटला जायचा, तो गावातली घरं पाळीपाळीनं द्यायची. म्हणजे लॅटिन शब्द चर्चमध्ये, पण पीठ कुणाच्या तरी घरचं. हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथं एवढंच.

आता 'भाषा कळत नव्हती' ह्यावर. पहिली गोष्ट, चर्चला ह्याची जाणीव फार आधीपासून होती. बीड ह्या इंग्रज मठवासी विद्वानानं 734 मध्ये यॉर्कचा बिशप एगबर्ट ह्याला पत्र लिहिलं त्यात तो म्हणतो की ज्यांना फक्त स्वतःची भाषा येते त्यांना विश्वासाचा पाठ आणि प्रभूची प्रार्थना त्यांच्याच भाषेत शिकवा, आणि नुसते सामान्य लोकच नाही तर काही पाद्रीसुद्धा त्यात मोडतात, त्यांच्यासाठी आपण स्वतः भाषांतर दिलंय. सोळाव्या सतराव्या शतकातला शोध नाही हा. दुसरी गोष्ट, पोरांचं शिक्षण. मुळाक्षरं, पातेर नोस्तेर, आवे मारिया, क्रेदो म्हणजे विश्वासाचा पाठ आणि मग जेवणाच्या प्रार्थना, लहान मुलांच्या पहिल्या पुस्तकाचा मालमसाला साधारण असा. म्हणजे बऱ्याच मुलांनी आयुष्यात वाचलेल्या पहिल्या काही वाक्यांत हे वाक्य होतं, आणि ते रोज दोनदा टेबलावर म्हणून दाखवायचं. आईबापांना अर्थ अर्धवट माहीत असेल, पण आपलं पोरगं सगळ्यांसमोर उभं राहून न अडखळता लॅटिन म्हणतंय ह्याचा अर्थ त्यांना चांगलाच कळत होता की. शाळेच्या फीचा हिशोब तिथं लागत होता.

डच विद्वान एरास्मस 1530 मध्ये मुलांच्या सभ्यतेवर लिहितो तेव्हा बारीक सूचना देतो, प्रार्थना म्हणायला सांगितली तर चेहरा आणि हात नीट ठेव, घरातल्या मोठ्या माणसाकडे किंवा ख्रिस्ताची तसबीर असेल तर तिच्याकडे बघ, येशूचं आणि मरियेचं नाव आलं की गुडघे वाकव. ह्यात अर्थ समजण्यापेक्षा उभं कसं राहायचं ह्यावर भर आहे, मान्य. पण लेखकानं ह्याला ढोंग म्हणावं? आठ वर्षांच्या मुलाला कुठलीही गोष्ट आधी अंगानंच शिकवतात.

इथं आपल्या घरातल्या श्लोकांशी तुलना करायचा मोह कुठल्याही मराठी वाचकाला होणार, मी मुद्दाम टाळतेय, कारण लेखाचा विषय तिकडचा आहे आणि तुलनेत दोन्हीकडचे बारकावे हरवतात.

लेखाचा शेवट मात्र मला सगळ्यात जास्त खटकला. तिथं म्हटलंय की सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनं ही लॅटिन पोपटपंची मोडून काढली आणि लोकांना मनापासूनची, आपल्या भाषेतली प्रार्थना दिली. अहो, मग ती सुरू करणाऱ्या ल्यूथरनं नक्की काय दिलं ते बघा की! 1529 च्या त्याच्या छोट्या प्रश्नोत्तरीत जेवणाच्या प्रार्थना आहेत. सूचना अशी की मुलांनी आणि नोकरांनी हात जोडून, नीट, टेबलाजवळ जायचं आणि म्हणायचं, सगळ्यांचे डोळे तुझ्याकडे लागलेत, प्रभू. मग प्रभूची प्रार्थना. मग, हे प्रभू, स्वर्गीय पित्या, आम्हाला आणि तुझ्या उदार हातून आम्ही घेतो त्या तुझ्या दानांना आशीर्वाद दे. ओळख पटली? ओकुली ओम्नियुम, पातेर नोस्तेर, बेनेदिक दोमिने, त्याच क्रमानं, फक्त जर्मनमध्ये. वर मथळेही त्यानं जुनेच ठेवले, आधीच्याला बेनेदिचिते आणि नंतरच्याला ग्रातियास. आणि घरातल्या बापानं हे आपल्या माणसांना शिकवायचं असं तो वर सांगतो. ल्यूथर काही लाजणारा माणूस नव्हता, त्याला जे मोडायचं होतं ते त्यानं ठणाणा करत मोडलं, मठ मोडले, त्यानं स्वतः मठ सोडून लग्न केलं. ही प्रार्थना त्याला मठाची वाटली असती तर तिचंही तेच केलं असतं. त्यानं ठेवली, कारण जर्मन घरांत ती मुलं आणि नोकरांच्या तोंडी शेकडो वर्षं बसलेली होती आणि ते त्याला माहीत होतं.

लॅटिन रूप राहिलं ते कॅथलिकांकडे आणि, हे जरा गमतीचं आहे, ऑक्सफर्ड केंब्रिजच्या कॉलेजांत, म्हणजे प्रोटेस्टंट इंग्लंडच्या हॉलमध्ये. आजही काही कॉलेजांत ओकुली ओम्नियुमपासून सुरू होणारा लांब पाठ म्हणतात आणि घाईत असले की 'बेनेदिक्तुस बेनेदिकात', दोन शब्दांत काम. तिथं बसलेल्या किती विद्यार्थ्यांना लॅटिन येत असेल हा प्रश्न लेखकानं त्यांनाही विचारून बघावा.

एक छोटी विनंती. लेखासोबत मठाच्या जेवणघराचं चित्र आहे आणि खाली 'मध्ययुगीन कुटुंबाची पंगत' असं छापलंय. चित्रातले सगळे जण मुंडण केलेले आणि एका बाजूला उंचावर बसून एक जण वाचतोय. तेवढी ओळ ऑनलाइन आवृत्तीत तरी दुरुस्त करा, आणि लेखाचा दुसरा भाग येणार असेल तर त्यात कॉटन कोर्टच्या त्या कागदाला जागा द्या, हवं तर एक्केहार्टचं अस्वल कमी करून.

आपली नियमित वाचक